कुसळाएवढी पाकळी

गेल्या वर्षी एका अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग घेण्यासाठी मी गेले होते. माझा विषय भाषेचा. माझ्या तासापूर्वीचा संगणकाचा तास लांबला होता, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले. समोरच्या पडद्यावर एक तक्ता होता आणि विद्यार्थी तो आपापल्या संगणकावर भरण्याचा सराव करत होते. आयरिस नावाच्या फुलांची ती मापे होती. पहिल्या ओळीत लिहिले होते : निदलाची लांबी ५.१ सेंटिमीटर, रुंदी ३.५, पाकळीची लांबी १.४, रुंदी ०.२. शेवटच्या रकान्यात जातीचे नाव होते, सेटोसा. अशा एकूण दीडशे ओळी. ही मापे पुरवली की फूल कोणत्या जातीचे आहे हे संगणक स्वतःच ओळखायला शिकतो, असे शिक्षक सांगत होते.

वर्गात एक बाई होत्या. वय पस्तिशीच्या आसपास. देवळासमोर हार-गजऱ्यांचे दुकान चालवतात. लहानपणी सुटलेली दहावी त्या आता पूर्ण करत होत्या. त्यांनी हात वर केला. “सर, रकाने उलटे पडलेत. पाकळी मोठी असते आणि निदल लहान असतं. जास्वंद बघा ना.” शिक्षक हसून म्हणाले, “ताई, हा तक्ता सगळ्या जगात वापरतात. चूक असती तर एव्हाना कुणाच्या तरी लक्षात आली असती.” बाई गप्प बसल्या आणि आकडे भरू लागल्या.

रकाने उलटे पडलेले नव्हते, हे मला नंतर वाचनातून कळले. पण बाईंची शंका मात्र उत्तम होती. दीडशे ओळींचा तक्ता पाहून ज्या मनात ‘हे फूल असेल तरी कसे?’ हा प्रश्न उभा राहतो, ते मन शिकण्यास सर्वांत योग्य होय. तिला उत्तर मिळायला हवे होते. ते त्या दिवशी मिळाले नाही, म्हणून हा लेख.

आयरिस हे ग्रीक पुराणातील इंद्रधनुष्याच्या देवतेचे नाव. या कुळातील अडीचशेहून अधिक जाती पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात पसरल्या आहेत. काश्मीर आणि हिमालयातही त्यांपैकी काही आढळतात. वेखंडाचे रोप ज्यांनी पाहिले असेल त्यांना आयरिसची तलवारीसारखी लांब, उभी पाने ओळखीची वाटतील. फुलाची रचना मात्र आपल्या जास्वंदीहून अगदी निराळी. जास्वंदीत निदले म्हणजे कळीला झाकून ठेवणारी बाहेरची लहान, हिरवी दले. शोभा सारी पाकळ्यांची. आयरिसमध्ये बाहेरची तीन निदलेही पाकळ्यांसारखीच रंगीत असतात. सेटोसा या जातीत तर ती रुंद, निळी-जांभळी आणि खाली झुकलेली असून त्यांवर गडद शिरांचे जाळे व बुडाशी फिकट डाग असतो. भुंग्याने उतरायचे ते याच निदलावर. आतल्या तीन पाकळ्या इतर अनेक आयरिसांत ताठ उभ्या आणि ठसठशीत असतात. सेटोसात त्या आक्रसून कुसळाएवढ्या झालेल्या असतात. फूल दुरून पाहिले तर त्या दिसतही नाहीत. लॅटिनमध्ये ‘सेटा’ म्हणजे राठ केस. त्यावरून हिचे नाव सेटोसा. दुकानदार बाईंना खटकला तो आकडा, १.४ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन मिलिमीटर रुंद पाकळीचा, हे या जातीचे नावच होते.

ही वनस्पती थंड समुद्रकिनाऱ्यांची. जपानचे होक्काइडो बेट, रशियाची साखालिन व कुरील बेटे, कामचात्का द्वीपकल्प, आणि बेरिंगचा समुद्र ओलांडून अलास्का, असा तिचा पट्टा आहे. पुढे कॅनडाचा सारा मधला मुलूख रिकामा. त्यानंतर हजारो किलोमीटरवर, पूर्व किनाऱ्याला, सेंट लॉरेन्सच्या आखाताभोवती, न्यूफाउंडलंड, लाब्राडोर, नोव्हा स्कोशिया आणि मेन या प्रदेशांच्या भूशिरांवर तिची सख्खी बहीण पुन्हा भेटते. तेथे ती उंचीने ठेंगणी असते. लाटांचे खारे तुषार जेथवर पोहोचतात तेथवर, गोट्यागोट्यांच्या किनाऱ्याच्या वरच्या कडेला आणि वाऱ्याने झोडपलेल्या कुरणांत ती उगवते. थंडी इतकी की फुलायला जून-जुलै उजाडतो. तिच्या अंगात विष असल्याने गुरे-घोडे तिला सहसा तोंड लावत नाहीत. आजूबाजूचे गवत चरले जाते आणि ही तशीच उभी राहते.

या पूर्वेकडील बहिणीला सेटोसाचाच एक प्रकार मानावे की वेगळी जात, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नव्हते. आज बरेच जण तिला ‘हूकेरी’ या नावाने स्वतंत्र जात गणतात. म्हणजे जगभरच्या वर्गांतून ‘सेटोसा’ म्हणून जी पन्नास फुले शिकवली जातात, ती कदाचित सेटोसा म्हणावीत अशी उरलेलीच नाहीत! फूल बदलले नाही. आपण आखलेली रेघ सरकली. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

ही फुले मोजली एडगर अँडरसन (१८९७-१९६९) या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने. सेंट लुइस येथील मिसुरी वनस्पती उद्यानात ते काम करत. उत्तर अमेरिकेतील निळ्या आयरिसांनी त्यांना वर्षानुवर्षे झपाटले होते. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोन जाती वरवर पाहता इतक्या सारख्या की, जाणकारही गोंधळत. अँडरसन गावोगाव फिरले, ओढ्याकाठी, दलदलीत उतरून हजारो फुले पाहिली. एकेका फुलासाठी ते लहानशी आकृती काढत : निदलाच्या आणि पाकळीच्या मापाचे दोन आयत एकावर एक. एका कागदावर असे शेकडो आयत मांडले की, एका जातीत किती विविधता असते आणि दुसरी जात कोठे सुरू होते, हे डोळ्यांना दिसू लागे.

क्वेबेक प्रांतात गास्पे नावाचा द्वीपकल्प आहे. सेंट लॉरेन्स नदी जेथे समुद्राला मिळते त्याच्या दक्षिणेला तो आत घुसलेला आहे. तेथील कुरणात सेटोसा आणि व्हर्सिकलर शेजारी शेजारी फुललेल्या अँडरसन यांना आढळल्या. त्यांनी दोन्हींची फुले एकाच कुरणातून, एकाच दिवशी गोळा केली आणि एकाच साधनाने स्वतः मोजली. १९३५ साली अमेरिकन आयरिस सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी हे आवर्जून नोंदवले. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मोजणारा बदलला, दिवस बदलला, फूल थोडे सुकले तर मापात फरक पडतो. तो फरक जातीचा नसतो. शिवणकाम करणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. दोघांनी दोन टेपांनी घेतलेल्या मापांची चोळी अंगाला नीट बसत नाही. तक्त्यातील तिसरी जात व्हर्जिनिका, ती मात्र त्या कुरणातली नव्हे. ती दुसरीकडून आली.

अँडरसन यांच्या मनात एक प्रश्न होता. व्हर्सिकलर ही जात आली कोठून? त्यांचा तर्क असा होता की, कोणे एके काळी सेटोसा आणि व्हर्जिनिका यांचा संकर झाला आणि त्यातून व्हर्सिकलर जन्मली. हा तर्क तपासायला मदत केली रोनाल्ड फिशर (१८९०-१९६२) या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने. १९३६ साली फिशर यांनी अँडरसनची मापे घेऊन एक लेख प्रसिद्ध केला. प्रत्येक मापाला कमीअधिक वजन द्यायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि चार आकड्यांऐवजी एकच आकडा काढायचा, अशी त्यांची युक्ती होती. वजने अशा खुबीने निवडायची की, दोन जातींचे आकडे एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर जावेत. मूळ संकरातून आलेली जात आपल्या दोन जनकांच्या दरम्यान कोठेतरी, आणि व्हर्जिनिकाच्या अधिक जवळ, पडायला हवी. तशी ती पडते का, हे त्यांनी पाहिले.

खरे सांगायचे तर सेटोसाला ओळखायला या गणिताची गरजच नव्हती. तक्त्यातील तिची सर्वांत लांब पाकळी १.९ सेंटिमीटरची, आणि इतर दोन जातींतील सर्वांत आखूड पाकळी ३ सेंटिमीटरची. आपल्या दुकानदार बाईंनी ती टोपलीतून नजरेने वेगळी काढली असती. गणित लागले ते उरलेल्या दोघींसाठी.

फिशर सामान्य गणिती नव्हते. शेतीच्या प्रयोगांची आखणी कशी करावी, थोड्या नमुन्यांवरून खात्रीने काय म्हणता येते, हे जगाला शिकवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत येते. १९३८च्या जानेवारीत कोलकात्याला भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३६ साली लंडनच्या ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्राची डॉक्टरेट मिळवली, तेथेच त्या वेळी फिशर प्राध्यापक होते. आपल्याकडील पिकांच्या पाहण्यांवरही त्या परंपरेचा ठसा आहे. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु फिशर यांच्या त्या प्राध्यापकपदाचे नाव होते सुप्रजननशास्त्राचे प्राध्यापक. आणि आयरिसचा लेख ज्या नियतकालिकात छापला गेला त्याचे नाव होते ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्राचा वृत्तान्त. कार्ल पिअर्सन यांनी ते १९२५ साली सुरू केले. माणसांतही ‘उत्तम’ आणि ‘हीन’ वाण असतात, उत्तमांनी अधिक मुले जन्माला घालावीत आणि हीनांनी घालू नयेत, हा या शास्त्राचा गाभा. फिशर यांचा त्यावर विश्वास होता. १९३० साली लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथाची शेवटची प्रकरणे त्यांनी याच विचाराला दिली आहेत, आणि ब्रिटनमध्ये निर्बीजीकरणाचा कायदा व्हावा म्हणून खटपट करणाऱ्यांत ते होते. ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत तो होता, आणि साठ हजारांहून अधिक माणसांची शस्त्रक्रिया करून त्यांना अपत्यहीन करण्यात आले. जर्मनीत १९३३च्या कायद्याखाली ही संख्या सुमारे चार लाखांवर गेली. पुढे काय घडले ते आपण इतिहासात वाचतो.

मराठी वाचकाला येथे एक शब्द टोचल्याशिवाय राहणार नाही. वनस्पतींच्या प्रकारांसाठी आपल्या शास्त्रीय परिभाषेत जो शब्द रूढ आहे तो ‘जाती’. फुलाची जात आणि माणसाची जात, शब्द एकच. इतर भाषांतील अभ्यासकाला नियतकालिकाचे नाव वाचून जो धक्का बसतो, तो आपल्याला रोजच्या बोलण्यातच बसायला हवा. पण सवयीने बसत नाही. चार मापे घेऊन फुलाला जातीच्या रकान्यात टाकणे ही एक गोष्ट. माणसाची दोन-चार मापे घेऊन, किंवा परीक्षेतला एकच आकडा पाहून, त्याला कायमचे एखाद्या रकान्यात टाकणे ही अगदी वेगळी गोष्ट. तुमच्यांपैकी पुष्कळांची ‘नापास’ किंवा ‘गळती’ या रकान्यांत एकदा नोंद झालेली आहे. त्या नोंदीत तुमचे किती आले होते, हे तुम्हीच जाणता.

२०२० साली जगभर या विषयाची फेरतपासणी झाली. केंब्रिजच्या एका महाविद्यालयाने, जेथे फिशर शिकले होते, त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकी काढण्याचा निर्णय घेतला. संगणकाच्या वर्गांतून आयरिसचा तक्ताही काढून टाकावा, अशी मागणी पुढे आली, आणि त्याच वर्षी त्याला पर्याय म्हणून अंटार्क्टिकातील पामर द्वीपसमूहावरच्या ३४४ पेंग्विनांच्या मापांचा तक्ता उपलब्ध झाला. त्यातही तीन जाती, चोचीची लांबी, पंखाची लांबी, वजन. तक्ता चांगला आहे. पुष्कळ शिक्षकांनी तो आनंदाने स्वीकारला आणि त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. ज्या विचाराने लाखो माणसांची विटंबना केली त्याची खूण वर्गाच्या भिंतीवर नको, असे कोणाला वाटले तर त्यात चूक काय?

तरीही मी त्या मताची नाही. पेंग्विन जरूर शिकवावेत. पण आयरिस काढून टाकून नव्हे. कारण त्या मागणीत फुलाचे म्हणणे कोणी ऐकून घेतलेले नाही.

फुलाचे म्हणणे असे आहे. सुप्रजननवाद्यांना सर्वाधिक भीती कशाची होती? मिसळणीची. वाण शुद्ध राहिले पाहिजे, ‘उत्तम’ रक्तात ‘हीन’ रक्त मिसळले की ऱ्हास होतो, असा धोशा. आपल्यालाही ही भीती परकी नाही. संकर या शब्दाला आपल्या परंपरेत वाईट वास आहे. भगवद्गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन युद्ध नको म्हणून जी कारणे सांगतो, त्यांत वर्णसंकराचे भय आहे. आणि पाहा, त्या १९३६च्या अंकात जो लेख छापला गेला, त्यातला मूळ प्रश्नच मुळी संकराचा होता! दोन दूरच्या जाती एकत्र येऊन एक नवी, धडधाकट जात कशी निर्माण होते, हे अँडरसन यांना जाणून घ्यायचे होते.

त्यांचा तर्क खरा ठरला. पेशींतील ज्या धाग्यांवर आनुवंशिक गुण साठवलेले असतात त्यांना गुणसूत्रे म्हणतात. सेटोसाची गुणसूत्रे ३८, व्हर्जिनिकाची ७०, आणि व्हर्सिकलरची १०८. आईबापांची बेरीज लेकीत तंतोतंत उतरलेली. (जपमाळेच्या मण्यांशी या आकड्याचा काही संबंध नाही, पण आठवण झाल्यावाचून राहत नाही.) २००७ साली संशोधकांनी या तीन जातींचे आनुवंशिक द्रव्य प्रत्यक्ष तपासले आणि व्हर्सिकलरचे जनक हेच दोघे, असा निर्वाळा दिला. ही संकरजात दुबळी निघाली का? मुळीच नाही. पंचमहासरोवरांपासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, हिमयुगात जो मुलूख बर्फाखाली गाडलेला होता त्याच्या मोठ्या भागावर आज ती सुखाने नांदते आहे. तिच्या दोन्ही जनकांना जे जमले नाही, ते तिने केले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. क्वेबेक प्रांताचे अधिकृत फूल १९६३ पासून पांढरी लिली होते. दिसायला शुभ्र, निष्कलंक. पण त्या भूमीचे नव्हेच, बाहेरून आणलेले. १९९९ साली क्वेबेकने ते बदलले आणि तेथे आपोआप उगवणारी व्हर्सिकलर हीच आपली खूण म्हणून निवडली. ज्या प्रांतातील कुरणात अँडरसन वाकून फुले मोजत होते, त्याच प्रांताच्या ध्वजावर लिलीची आकृती आजही आहे. परंतु फुलाचा मान मात्र संकरातून जन्मलेल्या आयरिसकडे गेला.

मग सेटोसाचा तक्ता वर्गातून काढून काय साधणार? तो काढला तर सुप्रजननवाद्यांच्याच घरात बसून त्यांना खोटे पाडणारा साक्षीदार आपण बाहेर घालवू. माझे म्हणणे उलट आहे. तक्ता ठेवा, पण त्याची सगळी हकीकत सांगा. कुरण सांगा, समुद्र सांगा, मोजणाऱ्याचे नाव सांगा. ‘फिशरची फुले’ असे त्याला म्हणतात तो मला अन्याय वाटतो. फुले अँडरसनची आहेत, निदान कष्ट तरी. ज्या नियतकालिकात तो छापला गेला त्याचे नावही लपवू नका. १९५४ साली त्या नियतकालिकाने आपले नाव बदलून ‘मानवी आनुवंशिकीचा वृत्तान्त’ अशा अर्थाचे केले. नाव बदलणे हे त्याने केले, पण जुने अंक जुन्याच नावाने कपाटात आहेत, आणि ते तसेच असावेत.

मोजणे हे मुळात वाईट नाही, हेही मला सांगितले पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. आपल्या इरावती कर्वे यांचेच उदाहरण घ्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर (आडनाव मराठीत सारखे दिसले तरी हे गृहस्थ वेगळे, जर्मन) हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते, आणि पुढे त्यांच्या संस्थेच्या कामाचा आधार नाझी राजवटीने घेतला. गोऱ्यांची कवटी आणि इतरांची कवटी यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेत वंशानुसार फरक असतो, या समजुतीची तपासणी करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या हातात घेऊन नेटाने मोजल्या, आणि वंशाचा व या असमानतेचा संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, एका तरुण मुलीने. मोजपट्टी तीच होती. हात वेगळे होते.

यावर एक व्यावहारिक आक्षेप येतो, तो मी अनेकदा ऐकला आहे. संगणकाच्या तासात एवढे सगळे कोण सांगणार? विद्यार्थ्यांना आकडे भरता आले, तक्ता वाचता आला म्हणजे झाले. नोकरीच्या दृष्टीने तेवढेच लागते. या आक्षेपात तथ्य आहे. तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि अभ्यासक्रम लांब. पण मी असे विचारते की, फुलाचे एक चित्र दाखवायला किती मिनिटे लागतात? ते चित्र पडद्यावर असते तर दुकानदार बाईंचा प्रश्न एका क्षणात सुटला असता. इतकेच नव्हे, तर त्यांच्यामुळे साऱ्या वर्गाला निदल म्हणजे काय हे कायमचे समजले असते. आणि ‘सगळे जग वापरते’ या उत्तराबद्दल तर माझी तक्रार अधिक गंभीर आहे. कारण ते उत्तर चुकीचे होते.

ते कसे, ते सांगते. संगणकाच्या अभ्यासकांसाठी कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाने अशा तक्त्यांचे भांडार ठेवले आहे. १९८८ पासून आयरिसचा तक्ता तेथे आहे आणि तेथूनच तो जगभर पसरला. त्या प्रतीत दोन ओळी चुकलेल्या आहेत, पस्तिसावी आणि अडतिसावी. दोन्ही सेटोसाच्या! फिशर यांच्या मूळ लेखात पस्तिसाव्या फुलाच्या पाकळीची रुंदी ०.२ आहे, प्रतीत ती ०.१ झाली. अडतिसाव्या फुलाच्या निदलाची रुंदी मुळात ३.६ आणि पाकळीची लांबी १.४, प्रतीत त्यांची जागा ३.१ आणि १.५ यांनी घेतली. असंख्य लोकांनी ही प्रत वापरली. चूक उघड करणारा शोधलेख १९९९ साली आला, आणि आजही अनेक ठिकाणी तोच चुकीचा तक्ता उतरवून घेतला जातो. कारण साधे आहे. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल.

आकडे टंकलिखित करण्याचे काम तुमच्यांपैकी अनेकांच्या वाट्याला येणार आहे. दवाखान्यातील रुग्णांची वजने, रेशनच्या याद्या, शिधापत्रिकेवरील वये, शाळेतील हजेरी. तेथे ०.२ चे ०.१ झाले तर कोणाच्या तरी घरात त्याचा परिणाम होतो, आणि त्या घरातील माणूस खिडकीशी येऊन “साहेब, हे चुकलंय” असे म्हणतो. त्याला काय उत्तर द्यायचे, याचा सराव कोणत्या तासात करून घेतात?

पुढच्या संपर्कवर्गाला मी सेटोसाचे एक रंगीत चित्र आणि फिशर यांच्या मूळ तक्त्याची प्रत घेऊन गेले. संगणकाच्या शिक्षकांनी, हे त्यांच्या मोठेपणाचे, आपल्या तासातील दहा मिनिटे मला दिली. चित्र हातोहात फिरले. दुकानदार बाईंनी ते बराच वेळ न्याहाळले, मग मधल्या बारीकशा कुसळावर बोट ठेवून विचारले, “ही होय पाकळी?” मी हो म्हटले. “मग बाहेरचं हे सगळं निदल?” हो. त्यांनी मान हलवली, चित्र शेजारणीकडे दिले आणि आपल्या संगणकाकडे वळल्या. मूळ प्रत शेजारी ठेवून त्यांनी तक्ता खाली सरकवला आणि पस्तिसावी ओळ दुरुस्त केली, मग अडतिसावी.